ऑटोफोकस सारखा पुढे-मागे करतोय? लेन्स बदलायच्या आधी शार्पनेसचा आकडा तपासा

मोटराइज्ड लेन्सचा कॅमेरा घेतलाय, इन्स्पेक्शनसाठी, मायक्रोस्कोपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला लावलेला, आणि फोकसचा कोड स्वतः लिहिलाय किंवा कोणाकडून तरी लिहून घेतलाय, अशांसाठी ही पोस्ट आहे. भोसरी-चाकणकडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मी असे कॅमेरे बसवून देतो आणि नंतर जो फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने येतो, "फोकस लागतच नाही, लेन्स नुसती घरघर करतेय". तोवर समोरच्याने नवीन लेन्सचं कोटेशनसुद्धा मागवलेलं असतं. जरा थांबा. लेन्स खरंच गेलेली आहे असं क्वचित निघतं, बहुतेक वेळा फोकस मोजणारा आकडाच फसलेला असतो आणि बिचारी लेन्स त्या आकड्याच्या मागे पळत असते.

आधी हे थोडक्यात समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कॅमेऱ्याला जॉब, म्हणजे समोर ठेवलेला पार्ट, शार्प दिसतोय का हे कळत नाही. तो फोटोतला एक चौकोन घेतो, शेजारशेजारच्या पिक्सेलच्या उजेडात किती फरक आहे ते मोजतो आणि त्याचा एक आकडा काढतो. कडा धारदार असेल तर फरक मोठा, आकडा मोठा. कडा पसरट झाली की आकडा पडतो. मग लेन्स एक स्टेप सरकवायची, आकडा वाढला तर त्याच दिशेने पुढे, कमी झाला तर मागे फिरायचं, एवढाच खेळ. आकडा काढायच्या पद्धती बऱ्याच आहेत, लॅप्लासियनचा व्हेरियन्स (प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा किती वेगळा ते काढायचं आणि ते आकडे किती पसरलेत ते मोजायचं) सगळ्यात जास्त वापरला जातो, टेनेनग्राड आहे, १९७६ पासून मायक्रोस्कोपवाल्यांकडे चालत आलेली ब्रेनरची पद्धत आहे. पण सगळ्या मोजतात ते कडाच. आणि या आकड्याला युनिट नाही, ग्रॅम-मिलिमीटरसारखं त्यात काही नाही. लेन्स जागची हलली नाही आणि नुसता उजेड वाढला तरी आकडा वाढतो. सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते आधी बघा, कारण लक्षणावरून निम्मं काम होतं.

- लेन्स पुढे-मागे करत राहते, थांबतच नाही. यालाच हंटिंग म्हणतात.
- दिवसा चकाचक चालतं, संध्याकाळी दिवे लागले की बिघडतं.
- थांबते, पण नेहमी थोडं अलीकडे किंवा थोडं पलीकडे.
- जॉब धूसर आणि मागची जाळी किंवा जॉब धरणारं फिक्स्चर एकदम शार्प.
- चित्र पूर्ण ब्लर असताना आकडा सगळ्यात मोठा येतो. हे बघून माणूस पार चक्रावतो.
- काल सेट केलेला उंबरठा, म्हणजे ज्याच्या वर आकडा गेला की शार्प समजायचं ती मर्यादा, आज चालत नाही.

पहिलं, फुकटातलं: काच, अंतर आणि समोरची वस्तू

काच पुसा. हसू नका, खरंच पुसा. मशीनशॉपमध्ये कूलंटचा बारीक धूर हवेत असतो आणि पंधरा दिवसांत लेन्सवर तेलकट पापुद्रा चढतो, तो नुसत्या डोळ्याला दिसत नाही, टॉर्च तिरका मारला की दिसतो. त्या थरामुळे उजेड पसरतो, कॉन्ट्रास्ट पडतो, आणि मग आकड्याचं शिखर इतकं चपटं होतं की सगळ्यात वरचा पॉइंट कुठला तेच कोडला ठरवता येत नाही. मायक्रोफायबर कपडा वापरा, शर्टाचं टोक नको, त्यात मेटलचा बारीक चुरा असतो आणि कोटिंगवर कायमचे ओरखडे पडतात. कॅमेऱ्यापुढे संरक्षणाची काच असेल तर ती दोन्ही बाजूंनी पुसा.

मग टेप घेऊन अंतर मोजा. प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर असतं, त्याच्या आत फोकस लागणं शक्यच नाही. रास्पबेरी पायच्या कॅमेरा मॉड्यूल ३ चं साध्या लेन्सला साधारण १० सेंटीमीटर आहे आणि वाइडवाल्याला ५. जॉब याच्या आत असेल तर लेन्स टोकापर्यंत जाते, आकडा शेवटपर्यंत वाढतच राहतो, शिखर येतच नाही, आणि कोड बिचारा परत सुरुवातीपासून शोधायला लागतो.

तिसरं म्हणजे चौकोनात मोजण्यासारखं काही आहे का ते बघा. गुळगुळीत पांढरं प्लास्टिक, कोरी शीट, एकसारखा रंग लावलेला पत्रा, यात कडाच नाहीत तर आकडा येणार कुठून. टेस्ट सोपी आहे, त्याच उंचीवर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा, बारीक अक्षरांचा. त्यावर फोकस झटकन लागला तर लेन्स, मोटर, कोड सगळं ठीक आहे, प्रॉब्लेम जॉबच्या पृष्ठभागाचा आहे. अशा वेळी चौकोन जॉबच्या कडेवर किंवा एखाद्या भोकावर सरकवायचा. ब्रेनर वापरत असाल तर जॉब ९० अंशात फिरवूनही बघा, कारण ती पद्धत साधारणपणे एकाच दिशेने, दोन पिक्सेल अंतरावरचा फरक मोजते, त्यामुळे आडव्या रेघांचा पार्ट तिला जवळजवळ कोराच दिसतो.

दुसरं, सगळ्यात महत्त्वाचं: लेन्स गोठवा आणि आकडा बघा

एवढी एकच टेस्ट केलीत तरी माझी पोस्ट कामी आली असं मी समजेन. ऑटोफोकस बंद करा, लेन्स हाताने बऱ्यापैकी फोकसवर आणा, मग कशालाही हात लावू नका. जॉब स्थिर, कॅमेरा स्थिर. शंभरेक फ्रेमचे आकडे फाइलमध्ये घ्या आणि सगळ्यात मोठा नि सगळ्यात लहान यात किती फरक आहे ते बघा. काहीच हललेलं नाही, म्हणजे आकडाही हलायला नको. दोन-तीन टक्के इकडेतिकडे चालतं. पंधरा-वीस टक्के झुलत असेल तर जगातला कुठलाही अल्गोरिदम तुम्हाला वाचवू शकत नाही, काटा आपोआप डोलणाऱ्या तराजूवर सोनं तोलण्यासारखं आहे ते.

आकडा झुलायची कारणं तीन-चारच आहेत आणि पहिलं कारण लाइट.

आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकची ट्यूब आणि स्वस्त ड्रायव्हरचे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. एका ठिकाणी असं होतं की छतात पारदर्शक पत्रे, दिवसभर सूर्याचा उजेड, सगळं सुरळीत, आणि संध्याकाळी वरच्या एलईडी बॅटन लावल्या की हंटिंग सुरू. मालकाला वाटायचं लेन्स दिवसभर तापून बिघडतेय. एक्सपोजर, म्हणजे एका फ्रेमसाठी सेन्सर जेवढा वेळ उजेड घेतो ते, बघितलं तर १/१२५ सेकंद, म्हणजे ८ मिलिसेकंद. दिव्याचं एक चक्र १० मिलिसेकंदांचं, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला चक्राचा वेगळा तुकडा मिळत होता, एक फ्रेम उजळ, पुढची मंद. ३० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम असताना, हा पॅटर्न दर तीन फ्रेमने परत येतो, आकड्यांची फाइल बघितली की वर-खाली-मध्ये, वर-खाली-मध्ये असं स्पष्ट दिसतं. एक्सपोजर १० मिलिसेकंद केलं आणि आकडा जागेवर बसला. तेव्हा एक्सपोजर १० च्या पटीत ठेवा, १० किंवा २०, म्हणजे प्रत्येक फ्रेमला पूर्ण चक्र मिळतं. डिमरवर चालणारे एलईडी वेगळ्याच फ्रीक्वेन्सीवर चालू-बंद होत असतात, त्यांना हा उपाय लागू पडेलच असं नाही, तिथे सरळ डीसी सप्लायवरचा चांगला रिंग लाइट लावावा.

उजेड थोडासा बदलला तर एवढं काय बिघडतं असं विचाराल तर हिशोब बघा. लॅप्लासियनचा व्हेरियन्स उजेडाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उजेड १० टक्के वाढला तर आकडा २१ टक्के वाढतो, आणि लेन्स तसूभरही हललेली नसते. फोकसच्या शिखराजवळ एका स्टेपने आकड्यात खरा फरक पडतो तो याच्यापेक्षा कितीतरी कमी. मग कोड फिरणार नाही तर काय.

दुसरं कारण ऑटो एक्सपोजर, ऑटो गेन (सेन्सरचा सिग्नल आपोआप वाढवणं), ऑटो व्हाइट बॅलन्स. फोकस शोधायच्या काळात तिन्ही लॉक करायची. लेन्स हलली की चित्राचा उजेड किंचित बदलतो, एक्सपोजर ते भरून काढायला धावतं, त्याने आकडा बदलतो, मग लेन्स परत हलते, दोन ऑटो एकमेकांच्या मागे लागतात. लॉक करणं शक्य नसेल तर आकड्याला चौकोनाच्या सरासरी उजेडाच्या वर्गाने भागा, पूर्ण इलाज नाही पण फरक पडतो.

तिसरं कारण नॉइज, म्हणजे पिक्सेलच्या उजेडातले उगाचचे चढउतार, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण लोक याकडे बघतच नाहीत. लॅप्लासियनचा साधा कर्नल (पिक्सेल आणि त्याच्या शेजाऱ्यांना ज्या आकड्यांनी गुणायचं तो तक्ता) म्हणजे मधला उणे ४ आणि चार बाजूंना १. प्रत्येक पिक्सेलचा नॉइज स्वतंत्र धरला तर या कर्नलमधून जाताना नॉइजचा व्हेरियन्स २० पट होतो, चार एक अधिक सोळा. म्हणजे पिक्सेलमधला नॉइज फक्त ३ लेव्हलचा असेल तर व्हेरियन्स ९, आणि आकड्यात त्याचे १८०. कोऱ्या भिंतीसमोर कॅमेरा धरला तरी १८०! आता नेटवरच्या कितीतरी उदाहरणांत "१०० च्या वर म्हणजे शार्प" असा उंबरठा लिहिलेला असतो, तो तसाच उचलला तर अंधारातली कोरी भिंतसुद्धा शार्प ठरते. दुसऱ्याचा उंबरठा कधीच उचलू नका, तुमचा सेन्सर, तुमचा लाइट, तुमचा जॉब यावर तो तुम्हीच काढायचा.

नॉइजवर उपाय स्वस्तापासून सांगतो. गेन कमी करा आणि लाइट वाढवा, हा सगळ्यात चांगला. ते जमत नसेल तर चार फ्रेमची सरासरी घेऊन मग आकडा काढा, नॉइजचा व्हेरियन्स एक चतुर्थांश होतो, फक्त वेळ वाढतो. किंवा आधी ३ बाय ३ चा हलका गॉसियन ब्लर द्या. त्याहून जास्त ब्लर देऊ नका, मग ज्या बारीक कडा मोजायच्यात त्याच पुसल्या जातात.

चौथं, कॅमेऱ्याच्या आतली मेकअपची कामं. शार्पनिंग आणि डीनॉइज दोन्ही बंद. यूएसबी कॅमेरा एमजेपीजी मोडमध्ये असेल तर चित्र ८ बाय ८ च्या ठोकळ्यांत कॉम्प्रेस होतं, चित्र ब्लर असताना त्या ठोकळ्यांच्या सीमा खोट्या कडा म्हणून मोजल्या जातात. त्याऐवजी असं कॉम्प्रेस न करणारा वाययूवायव्ही मोड घ्या. पूर्ण १०८० ला ३० एफपीएस यूएसबी २ वर मावणार नाही, सेकंदाला सव्वाशे एमबीच्या घरात जातं ते, म्हणून आधी ६४० बाय ४८० वर ढोबळ फोकस लावा आणि शेवटच्या बारीक टप्प्याला पूर्ण रिझोल्यूशन कमी एफपीएसने घ्या.

तिसरं: चकाकी

पूर्ण ब्लरला आकडा मोठा येतो हे लक्षण असेल तर हेच बघा. पॉलिश केलेला मेटल, सोल्डरचे थेंब, नटाचे कोपरे, यावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि तिथले पिक्सेल २५५ ला जाऊन चिकटतात. फोकस बिघडला की तो ठिपका फुगून पांढऱ्या चकतीसारखा होतो, चकतीची कड मात्र करकरीत राहते आणि तिचा परीघ वाढत जातो. आकडा म्हणतो वा, केवढी कड. एक्सपोजर कमी करा, दिव्यासमोर बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर लावा, पाच-दहा रुपयांचं काम आहे. कोडमध्ये २५० च्या वरचे पिक्सेल आणि त्यांच्या आजूबाजूचे थोडे मोजणीतून वगळा. तरी राहिलं तर पोलरायझर, पण त्याने उजेड निम्म्याहून कमी होतो, हे लक्षात ठेवून लाइट वाढवा.

चौथं: पूर्ण ग्राफ काढा

आता अर्धा तास काढा. लेन्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक स्टेपने न्या, प्रत्येक ठिकाणी थांबा, आकडा लिहा, ग्राफ काढा. मग उलट दिशेने परत या आणि दुसरा ग्राफ त्याच्यावर काढा. हा ग्राफ न बघता कोडमध्ये हात घालणारे फार, आणि तेच सगळ्यात जास्त दिवस घालवतात.

एकच शिखर, दोन्ही बाजूंनी छान उतार असेल तर आकडा निरोगी आहे. दोन शिखरं असतील तर चौकोनात दोन उंचीच्या वस्तू आहेत, जॉब आणि मागचं फिक्स्चर, चौकोन लहान करा. मागच्या जाळीवर फोकस जाण्याचं कारण हेच असतं, जाळीला कडा जास्त म्हणून तिचं शिखर उंच. सपाट ग्राफ म्हणजे परत पहिल्या मुद्द्यावर जा, काच आणि पृष्ठभाग बघा. करवतीसारखा खडबडीत असेल तर दुसऱ्या मुद्द्यावर.

आणि जातानाचं नि येतानाचं शिखर वेगवेगळ्या जागी असेल, समजा जाताना २४० स्टेपवर आणि येताना २१० वर, तर दोन शक्यता आहेत. सगळे लगेच म्हणतात गिअरमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. असेलही. पण शिळी फ्रेमसुद्धा हुबेहूब असाच ग्राफ देते. यूएसबी कॅमेरा आणि ड्रायव्हर मिळून काही फ्रेम बफरमध्ये ठेवतात, तुम्ही लेन्स सरकवली आणि लगेच फ्रेम मागितली तर मिळते ती आधीच्या जागेची, आणि कोड तिचा आकडा नवीन जागेच्या नावावर लिहितो. शिवाय लेन्स सरकल्यावर स्थिरावायलाही काही मिलिसेकंद लागतात. ओळखायचं कसं, तर प्रत्येक स्टेपनंतर चार-पाच फ्रेम फेकून द्या आणि ग्राफ परत काढा. शिखरं एकमेकांवर आली तर फ्रेम शिळ्या होत्या, लेन्सचा काही दोष नाही. अंतर तसंच राहिलं तर मात्र खरंच बॅकलॅश, म्हणजे गिअरमधला तो प्ले, आहे, त्याला उपाय असा की शेवटचा टप्पा नेहमी एकाच बाजूने गाठायचा, शिखर ओलांडून मागे यायचं असेल तर थोडं जास्त मागे जाऊन परत पुढे यायचं.

पाचवं: आता कोड

इथपर्यंत आलात तर आकडा विश्वासाचा झालाय, आता शोधायची पद्धत बघू. एका फ्रेमला आकडा पडला म्हणून दिशा बदलू नका, सलग दोनदा पडला पाहिजे आणि तो पडलेला फरक गोठवलेल्या टेस्टमधल्या झुलण्यापेक्षा जास्त पाहिजे. त्या टेस्टचा आकडा इथे कामाला येतो. आधी मोठ्या स्टेप, शिखराच्या आसपास आल्यावर लहान, आणि शेवटी वरच्या तीन पॉइंटमधून पॅराबोला बसवून मधली जागा काढा.

स्टेप किती लहान? सेन्सरच्या बाजूला फोकसची खोली, म्हणजे जेवढं सरकलं तरी चित्र शार्पच राहतं ते अंतर, साधारण दोन गुणिले एफ नंबर (लेन्सचं तोंड किती उघडं ते सांगणारा आकडा) गुणिले पिक्सेलचा आकार. एफ २.८ आणि ३ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर जेमतेम १७ मायक्रॉन, एफ ८ ला ४८. याच्यापेक्षा फार बारीक स्टेप घेऊन चित्रात काही फरक पडत नाही, कोड नुसता नॉइज मोजत बसतो. आणि एकदा फोकस लागला की आकडा ठरावीक प्रमाणात पडल्याशिवाय परत शोधायला लावू नका, मी बहुतेक ठिकाणी २५-३० टक्के ठेवतो.

मॉड्यूल ३ वाल्यांनी एक लक्षात ठेवा, त्यात फेज डिटेक्शन (सेन्सरवरच्या खास पिक्सेलवरून फोकस किती चुकलाय ते थेट मोजणं) आहे, तो आधी ते वापरतो आणि भरवसा वाटला नाही की कॉन्ट्रास्टकडे वळतो. इन्स्पेक्शनमध्ये जॉबचं अंतर कायम तेच असेल तर मॅन्युअल मोडला टाका आणि लेन्सची जागा लिहून टाका, डायऑप्टरमध्ये (एक भागिले मीटरमधलं अंतर) द्यायची असते, २० सेंटीमीटरला ५. निम्म्या ठिकाणी ऑटोफोकसची खरं तर गरजच नसते.

सहावं: हार्डवेअर, पण स्क्रू न उघडता

रिबन केबल काढून परत नीट बसवा. मोटर हलताना ५ व्होल्टचा सप्लाय खाली पडतो का ते मल्टिमीटरने बघा. कॉम्प्रेसर किंवा प्रेस शेजारी असेल तर तो बंद करून गोठवलेली टेस्ट परत करा, थरथरण्याने कडा पसरतात. छोट्या कॅमेऱ्यांत लेन्स कॉइल आणि मॅग्नेटवर तरंगत असते, त्यामुळे मॅग्नेटिक स्टँड जवळ नको. टेबलावर आडवा ठेवून कॅलिब्रेट केलेला कॅमेरा खाली तोंड करून बसवला की लेन्सच्या वजनाने जागा बदलते, म्हणून कॅलिब्रेशन जिथे बसवायचाय तिथेच करायचं. बाइकच्या हँडलला मोबाइल लावणाऱ्यांनीही हे वाचा, इंजिनच्या थरथरीने आयफोनचा ऑटोफोकस बिघडू शकतो असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतः सांगितलंय.

इथे थांबा आणि जाणकाराकडे न्या

गोठवलेला आकडा स्थिर आहे, ग्राफ छान येतो, तरी दरवेळी शिखराची जागा बदलते, आणि फ्रेम फेकूनही बदलते. लेन्स खरखर करते किंवा एका जागी अडकते. चित्राची डावी बाजू शार्प आणि उजवी नाही, जॉब सपाट असताना आणि कॅमेरा सरळ असताना. म्हणजे सेन्सर किंवा लेन्स तिरकी बसलीय, ते ऑप्टिकल बेंचशिवाय सरळ होत नाही. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात, ती बुरशी, कोकणात आणि पावसाळ्यात बंद पेटीत ठेवलेल्या लेन्सला हमखास धरते. यातलं काहीही असेल तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. लेन्सचे घटक काही मायक्रॉनच्या हिशोबाने बसवलेले असतात, घरी उघडलेली लेन्स रिपेअरवाले घेत नाहीत किंवा दुप्पट पैसे सांगतात.

डीएसएलआरवाल्यांसाठी वेगळं. व्ह्यूफाइंडरमधून फोकस लावताना तिथे वेगळा फेज सेन्सर काम करतो, शार्पनेसचा आकडा नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोटो कडक येतो आणि व्ह्यूफाइंडरमधून नेहमी थोडा पुढे-मागे, तर मेन्यूतलं एएफ फाइन ट्यून बघा, तेवढ्याने नाही भागलं तर सर्व्हिस सेंटर.

जाताना तीन गोष्टी बरोबर न्या. गोठवलेल्या टेस्टची फाइल, जातानाचा-येतानाचा ग्राफ, आणि सपाट वर्तमानपत्राचा एक फोटो ज्यात चारही कोपरे दिसतात. एवढं समोर ठेवलं की रिपेअरवाला पाच मिनिटांत सांगतो दोष मोटरचा आहे का काचेचा, आणि उगाच आख्खं मॉड्यूल बदलायचं बिल लावत नाही.